खिळ्यावरचा मास्क

सोमवार
धाकटे, तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला हटला का? बाळाला दात आला? आणि तुझ्या सासूबाई, अजून माझ्यावर रुसूनच आहेत? ही पानं रविवारी तुलाच धाडणार, म्हणून सगळ्यांची चौकशी आधी.

पोचले एकदाची! समुद्रात बुडी मारायला शिकवणारं केंद्र, धक्क्याला लागून दोन हवेशीर खोल्या. या वयात मला काम काय, तर प्राणवायूचं सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळायची. पुस्तक वाचून वाचून पाठच केलंय. माणूस खोलातून भसकन वर आला की रक्तात बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. सांधे ठणकतात, मुंग्या येतात. त्याला आडवं करायचं, प्राणवायू लावायचा, इस्पितळ गाठायचं. बरं वाटलं तरी मास्क काढायचा नाही. खिळ्यावर प्राणवायूचा एक जुना मास्क धूळ खात होता, पुसून लख्ख केला.

बुधवार
तो मास्क आतून वाफाळलेला. पुसला. जेवून येते तर पुन्हा तसाच!

इथल्या उस्ताद पाणबुड्याला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, मावशी, तो माझ्या जोडीदाराला लावलेला. गेल्या हंगामात बोटीवर त्याला हाच बुडबुड्यांचा त्रास झाला, प्राणवायू लावल्यावर हसलासुद्धा. मालक म्हणाले, झालं ना बरं? काढ आता, पाहुणे घाबरतात. आणि हात पुढे करून स्वतःच ओढला. किनारा यायच्या आत जोडीदार गेला.

माझं डोकं असं सणकलं! मालकांना फाडफाड बोलले. ते दात काढून म्हणतात, मावशी, जपा, बीपी वाढेल.

शुक्रवार
आज उस्तादच आडवा. कोपर ठणकतंय, ओठ बधिर. नवा मास्क लावला. चेहऱ्यावर रंग आला न आला तोच मालक हजर. तेच वाक्य. तोच पुढे आलेला हात. मी मध्ये उभी राहिले, म्हटलं, हात लावून तर बघा, उभा चिरीन!

उस्ताद सिलिंडरसकट इस्पितळात गेला. वाचेल. पण माझा राग जाईना. मालकांना तोंडावर म्हटलं, तुमच्यावर यावी अशी वेळ.

खिळ्यावरच्या मास्कमध्ये कुणीतरी खोल श्वास घेतला.

शनिवार
मालक पाण्यात उतरलेच नाहीत. तरी जमिनीवर लोळताहेत – सांधे, मुंग्या, सगळं तेच. ॲम्ब्युलन्स निघालीय म्हणे. राखीव सिलिंडर आहे. मास्क मात्र खिळ्यावरचाच, नवा उस्तादबरोबर गेलाय.

लावला. निघाला. पुन्हा लावला – पट्टा कुणीतरी सोडतंय –

मालक बघताहेत. माझ्या हाताकडे.

धाकटे, माझीच बोटं ती. थांब म्हणते, ऐकत नाहीत. उजवा हात तिकडे, हे डाव्यानं लिहितेय. कानाशी कुणी म्हणतंय, झालं ना बरं, काढ आता – आवाज माझाच –

ओठ निळे पडले त्यांचे. मला नको होतं गं हे. रागात बोलले होते –

लवकर लिही. दोनच शब्द लिही, की तू अशी नाहीस. लवकर लिही, मी अशी ना