टेपवरचे बाबा

दादा,

आपल्या लाडक्या सायकेडेलिक बँडच्या कॉन्सर्टची टेप मधली बोलणी काढून, साफ करून पाठव म्हणतोस. मुळीच करणार नाही.

रेकॉर्डवर चटकन संपणारं गाणं त्या दिवशी कुठच्या कुठे भरकटत गेलंय. आपण प्रेक्षकांत रेकॉर्डिंगसाठी एकेक माइक धरून श्वास रोखून बसलोय आणि मधेच शेजारी बसलेले बाबा विचारतात, "काय रे, यांना घरदार आहे की नाही?" किती चिडला होतास तू!

बाबा गेल्यापासून मी तेवढं वाक्य ऐकून टेप बंद करायचे. काल शेवटपर्यंत ऐकली. गिटार थांबते, सगळे गप्प असतात आणि माइकच्या अगदी शेजारून पहिली टाळी वाजते.

आपले हात तर माइक धरण्यात अडकले होते.

पत्रात किती सांगू? टेपच पाठवते, जशीच्या तशी.

तुझी हट्टी,
धाकटी