आधी आपली हातोडी

४ मार्च

चि. भुणभुण हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घरी वर चढताना जिन्यातच वाचलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार इतकं करकरतं की तिथे थांबून ऐकावंच लागतं. दाराला पितळी मूठ आहे, पण बिजागरीला तेल घालायची अक्कल नाही.

तर आता तुम्ही माणसाच्या धमनीत काडीएवढी नळी घालणार, तिच्या टोकातून लेझर मारणार, आणि भिंतीतली चरबी त्याने ओरडली की ते ऐकणार. मी चाळीस वर्षं बॉयलरच्या नळ्या हातोडीने ठोकून ऐकल्या. धडकी नळी खणखणीत वाजते, गंजलेली बद्द. त्याला ना पदवी लागली ना काळा चष्मा. तुमचे साहेब तेच करतात, फक्त बारा माणसं हाताशी घेऊन. एवढं शिकून शेवटी ठोकाठोकीच करायची होती, तर माझ्याकडेच यायचं होतंस.

मामी बरी आहे. मला छातीत जळजळतं, पण तिच्या हातचं खाऊन कोणाला जळजळणार नाही?

लोभ आहेच. वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.
तुझा मामा

१३ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं कुत्सित पत्र प्रयोगशाळेतल्या फळ्यावर लावलंय, सगळे येता-जाता वाचतात. ठोकाठोकीच आहे, मान्य. पण आमचा उजेड असा निवडलेला आहे की तो चरबीच पिते. ती क्षणभर तापते, फुगते आणि बारीक आवाज करते. तो आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून नळीच्या टोकाशी अल्ट्रासाउंडचा कान बसवलाय. धमनीचा रस्ता मोकळा दिसत असतानाही भिंतीत दडलेली चरबी घात करू शकते, म्हणून हा खटाटोप.

यंत्र फार छान चाललंय, हीच अडचण आहे. तपासणीला आलेल्या धमनीच्या ज्या तुकड्यात नळी घालू, त्यात चरबीचं कडं दिसतं, चहूबाजूंनी सारखं. साहेब खूश. म्हणतात, म्हाताऱ्यांच्या धमन्या, चरबी असणारच. महिनाअखेर डॉक्टरांच्या समितीपुढे हे ठेवायचं आहे. मला ते कडं पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. तोंड उघडलं की साहेब असे बघतात, जणू मी त्यांच्या कागदांवर चहा सांडलाय.

जळजळ डॉक्टरांना दाखव.

राग नसावा, असलाच तर पत्रातून कळवावा.
तुझी भुणभुण

१९ मार्च

चि. भुणभुण हीस,
आशीर्वाद.

तुझा साहेब गाढव आहे, हे मी त्याला न भेटता लिहून देतो. आमच्याकडे एक तपासनीस होता. त्याला प्रत्येक बॉयलरची प्रत्येक नळी बद्द वाटायची. तीन कारखाने बंद पाडल्यावर कळलं, त्याच्या हातोडीचा दांडाच चिरलेला होता. दर खेपेला तीच खोट सापडली, की खोट तपासणाऱ्याकडे असते. मी रोज कामाआधी हातोडी एका धडक्या लोखंडावर ठोकायचो. आधी आपली हातोडी ऐकायची, मग दुसऱ्याची नळी. तुमची ती नळी नुसत्या पाण्यात बुडवून कोणी पाहिली का? नसणारच. बाराही जण शिकलेले ना.

आज पुन्हा दुसऱ्या मजल्यावर पाव तास गेला. कठडा हलत होता, तो तपासत बसलो. डॉक्टरांकडे जाणार नाही. ते नाडी धरतात आणि फोन बघतात.

साहेबाला नमस्कार सांगू नये.
तुझा मामा

ता. क. कठडा हलत नाही. मी हलवून पाहिला. — मामी

२७ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

नळी पाण्यात बुडवली. पाण्यातही कडं आलं. नळीवर प्लॅस्टिकचं आवरण आहे, आणि ते चरबीचं चुलत भावंड निघालं. तोच उजेड पितं, तसंच ओरडतं. इतके महिने आम्ही आमच्याच नळीचा आवाज ऐकून दुसऱ्यांच्या धमन्यांना नावं ठेवत होतो. साहेबांनी समितीची तारीख पुढे ढकलली आणि कारण लिहिलं ‘तांत्रिक सुधारणा’. आता आवरण बदललंय. चरबी एका बाजूला ढेकळासारखी दिसते, कुठे दिसतही नाही. तू नसतास तर मी ते खोटं कडं घेऊन समितीपुढे उभी राहिले असते.

आता तुझं. एका पत्रात दार करकरतं, दुसऱ्यात कठडा हलतो, आणि मजला मात्र दर खेपेला दुसराच. तुझाच नियम लावते. खोट तपासणाऱ्याकडे आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नळ्या ठोकल्यास आणि स्वतःची ऐकायची वेळ आली तर जिन्यात लपतोस. याला अनुभव म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात. मला तुझी फार काळजी वाटते, म्हणून इतकं वाईट लिहिते आहे.

डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत मला पत्र पाठवू नये.
तुझी भुणभुण

११ एप्रिल

चि. भुणभुण हीस,
आशीर्वाद.

भित्रा म्हणालीस, म्हणून गेलो. मी पळू नये म्हणून मामी सोबत आली. डॉक्टरांनी मनगटातून नळी घातली, औषध सोडलं, पडद्यावर चित्र दाखवलं. म्हणाले, रस्ता बऱ्यापैकी मोकळा आहे, गोळ्या घ्या आणि घरी जा. वर खांदा थोपटला. मी विचारलं, भिंतीचं काय. तर म्हणे यात भिंत दिसत नाही, आतली पोकळी दिसते. उभ्या आयुष्यात मी एक बॉयलर नुसती पोकळी बघून पास केला नाही, आणि हे मला पास करून मोकळे झाले. म्हणाले, भिंत ऐकणारी यंत्रं निघताहेत, पण आमच्याकडे अजून आलेली नाहीत. मी सांगितलं, एक का आलं नाही ते मला ठाऊक आहे, ते परवापर्यंत स्वतःलाच ऐकत होतं.

मला भीती वाटते. हे मामीला सांगू नकोस. तिला माहीत आहे, तरी सांगू नकोस.

समितीने होकार दिला की पहिल्या माणसांत माझं नाव घाल. आत घालण्याआधी नळी माझ्यासमोर पाण्यात बुडवून दाखवायची, साहेबाचा शब्द मला चालणार नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला मी स्वतः तेल घातलं. आता ते करकरत नाही. तिथे नुसताच थांबतो. घाई कर.
तुझा मामा