आईची हाक, अधिक-उणे

४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.
इकडे थंडी फार. खोलीत बोलायला फक्त स्टोव्ह आहे, तोही हल्ली कुरकुरतो.
काल आत्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, जाताना आईने कुणालाच हाक मारली नव्हती. तू तर सांगितलं होतंस, तिने माझं नाव घेतलं. ताई, मी वेळेवर पोचलो नाही. त्या एका हाकेवर इतकी वर्षं निभावून नेलंय. प्रयोगशाळेत तापमापी तपासून सही करतेस, तशी सही करून खरं काय ते कळव.
तुझा, टिल्ल्या

१६ जानेवारी

चि. टिल्ल्यास अनेक आशीर्वाद.
स्टोव्हला पिन मार. मफलर गुंडाळत जा.
तुझं पत्र पर्समध्ये घेऊन हिंडत होते. मापात अधिक-उणे किती चूक असू शकते, हे लिहिल्याशिवाय मी कुठल्याच तापमापीवर सही करत नाही. साहेब म्हणतात, बाई चहातही अधिक-उणे साखर घालत असतील. आईच्या हाकेपुढे मात्र ते कधी लिहिलं नाही.
आत्या तेव्हा औषध आणायला गेली होती. आईचे ओठ हलले. मला ऐकू आलं ते ताई असं. इथेच आहे म्हणत मी हात धरला, तरी ती दाराकडेच बघत राहिली. वाटलं, तुलाच शोधतेय. म्हणून तसं सांगितलं. सांगत गेले तसं तुझं नावच कानात बसलं. आता आठवू गेले की आईचा आवाज येत नाही, माझाच येतो.
याहून मोठी सही माझ्याच्याने होत नाही. रागावलास तरी पत्र टाक. इथेही कुलूप मीच लावते आणि मीच उघडते.
तुझी ताई

२९ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.
रागावलो होतो. एक पत्र लिहून फाडलंही.
मग स्टोव्हला पिन मारताना आठवलं. मला हाक मारताना आईच्या तोंडी आधी तूच यायचीस, मग जीभ चावून मी. एकदा शाळेच्या फाटकात सगळ्यांदेखत मला ताई म्हणाली. पोरांनी वर्षभर पिडलं. शेवटी मी त्याच हाकेला ओ द्यायला लागलो.
तुला आठवतं का हे? की सोयीचं म्हणून मीच रचलं? आठवत नसेल तर तसं लिही, मला चालेल. आईच्या हाकेत एवढं अधिक-उणे नेहमीच असायचं, आणि तेवढ्या जागेत मी मावतो.
सुट्टी मिळाली की येतो. कुलूप लावू नकोस.
लोभ आहेच. अधिक झाला तर चालेल, उणे नको.
तुझा, ताई म्हटलं तरी वळून बघणारा,
टिल्ल्या