दवाखान्यासमोरच्या खिडकीचा पडदा

प्रिय आणि पूज्य मावशीस (दोन्ही विशेषणे मनापासून, क्रम मात्र आईच्या नजरेस पडू देऊ नकोस),

शिरसाष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांचे कसे काय आहे? मागल्या खेपेस उजवा कुरकुरत होता आणि डावा त्याला साथ देत होता. आता दोघांत समेट झाला असावा, अशी आशा करते. काकांनी सकाळी चालायला जाणे सुरू केले का, की अजून त्यासाठी बूट पाहणेच चालू आहे? इकडे आम्ही तिघे खुशाल आहोत.

माझ्या खोलीला रोलरचा पडदा कसा आला, असे तू फोनवर विचारलेस आणि मी ‘छान आला’ एवढेच म्हणाले. फोनवर माझी मजल त्यापुढे जात नाही, हे तू जाणतेस. म्हणून सविस्तर लिहिते. नव्या घरात माझे टेबल खिडकीशी आहे, कारण उजेड तेवढाच आहे. गल्ली अरुंद, आणि समोरच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांचे प्रतीक्षागृह. तिथे ना टीव्ही, ना मासिके. भिंतीवर दाढेचे एक भले मोठे चित्र आहे, पण ते पाहून कोणाला धीर येतो असे दिसत नाही. मग पाहण्यासारखी उरते मी. गालाला हात लावलेली माणसे ओळीने बसून माझ्याकडे टक लावतात. वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले तरी मला घाम फुटे (उत्तर बरोबर असे, घाम तरीही फुटे), तिथे या प्रेक्षकांपुढे वाचन कसे व्हावे? परीक्षा तोंडावर आलेली. खिडकी सोडावी तर उजेड जातो, न सोडावी तर माझा जीव जातो. कोणाला न दिसता खिडकीत बसून वाचता यावे, एवढेच माझे मागणे होते.

पडदा निवडायला आम्ही तिघे मिळून गेलो, ही पहिली चूक. आईने दुकानात पाऊल टाकल्यापासून ‘मळखाऊ’ हा एकच शब्द धरून ठेवला. दुकानदारांनी फिकट करडा, मधला करडा, त्याहून जरा कमी मधला करडा असे कापडाचे नमुने मांडले आणि आईने प्रत्येकावर मनातल्या मनात चहा सांडून पाहिला. बाबांना कापडाशी कर्तव्य नव्हते. त्यांनी भिंतीवर टांगलेल्या नमुन्याची साखळी हाती घेतली आणि पडदा खाली-वर, खाली-वर करीत राहिले, तो अखेर वरच अडकून बसला. दुकानदार ‘असू द्या, नमुन्याचाच आहे’ म्हणाले खरे, पण त्यानंतर ते बाबांच्या आणि इतर साखळ्यांच्या मध्ये उभे राहिले. माझी अडचण (मी आईच्या कानात सांगितलेली, आईमार्फत) त्यांना कळली तेव्हा त्यांनी जाळीदार विणीचे कापड काढले. यातून आतल्या माणसाला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. आई म्हणाली, “भाऊ, विकताना सगळं असंच असतं. आम्ही घरी धरून बघणार.” त्यांनी नमुने दिले. आम्ही जातो आहोत, याचाच त्यांना अधिक आनंद झाला असावा.

आता नमुन्यामागे मी दिसते की नाही, हे पाहायला कोणीतरी समोर जायला हवे. आई गेली. पण तू तुझ्या बहिणीला ओळखतेस. नुसते पाहून परतणे तिला साधत नाही. ती बसली, शेजारच्या बाईंच्या दाढेची चौकशी केली आणि मग सर्वांना सांगितले, की आमची मुलगी भारी लाजरी, तुम्ही बघता ते तिला सोसत नाही, म्हणून पडदा घ्यायचाय. तर सांगा बघू, कुठला शोभतो. ज्यांच्यापासून लपायचे त्यांनाच पडदा निवडायला बसवणारे कुटुंब आपल्याखेरीज दुसरे नसावे. मी आणि बाबा नमुने धरून उभे, आणि समोर सारे प्रतीक्षागृह खिडकीशी गोळा झालेले. निम्म्यांच्या तोंडात कापूस, उरलेल्यांचे गाल सुजलेले. त्यामुळे कारभार सगळा हातांनी. करडे रंग एकजात नापास झाले. एक आजोबा ‘जरा डावीकडे’ अशी खूण करीत राहिले आणि बाबा निमूटपणे डावीकडे सरकत राहिले, ते कपाटाला टेकेपर्यंत. शेवटी मातकट रंगाला बहुमत मिळाले. आई परतली ती उजळ चेहऱ्याने. “सगळ्यांना हाच पसंत. आणि मळखाऊही आहे.” मी दिसत होते का, असे विचारले तर म्हणाली, “अगं, ते बघायचं राहिलंच.”

तरीही पडदा गुणाचा निघाला. दिवसा मी जाळीतून सारे पाहते, मला कोणी पाहत नाही. मी इतकी निर्धास्त झाले की संध्याकाळी दिवा लावून मोठ्याने वाचू लागले आणि नाटकाचा भाग आला की हातवारेही करू लागले (राजाचे संवाद मी खुर्चीवर चढून म्हणते). मग एके दिवशी दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाई दारात उभ्या.

“काकू, दिवसा पडदा थोडा वर ठेवता येईल का? पेशंटना बघायला काही उरलं नाही. आतल्या यंत्राचा आवाज ऐकत बसतात आणि नंबर यायच्या आत पळतात. संध्याकाळचे मात्र थांबतात. ताई दिसतात ना.”

“दिसतात?” मी दाराआडून विचारले.

“दिवा लागला की सगळं दिसतं. कालचा राजा छान झाला हो.”

ही जाळी उजेडाच्या बाजूचे दाखवते: दिवसा बाहेरचे, दिवा लागला की आतले. दुकानदारांनी दिवसाचेच सांगितले होते. आम्ही संध्याकाळचे विचारले नव्हते. ती संध्याकाळ मी अंधारात, पलंगावर, उशीत तोंड खुपसून काढली. पण कोणी आपल्या पाने उलटण्याच्या आधाराने खुर्चीत टिकून राहते, हा विचार काही केल्या वाईट वाटेना. आता दिवसा मी पडदा हनुवटीपर्यंत सोडते आणि संध्याकाळी लहान दिवा पानावर वाकवते. चेहरा माझा, हात आणि पुस्तक त्यांचे. आपला उपयोग व्हावा आणि तोंडही दाखवावे लागू नये, याहून मोठे सुख मला ठाऊक नाही. अभ्यास उत्तम चालला आहे. राजा तूर्त मनातल्या मनात बोलतो.

काकांना नमस्कार, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना सारखाच लोभ.

तुझी भाची

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण राहिले. माझी खालची दाढ ठणकते आहे आणि आईने येत्या बुधवारी दुपारचा समोरचाच नंबर लावला आहे. म्हणजे मी त्या ओळीत बसणार आणि समोरच्या खिडकीत कोणीच नसणार. तेव्हा तू ये आणि माझ्या खुर्चीत बस. आईला बसवण्यात अर्थ नाही. ती खिडकीतून मला धीर देऊ लागेल आणि माझी दाढ गल्लीभर होईल.

ता. क. आणखी एक. चष्मा विसरलीस तरी चालेल. वाचायचे नाही, नुसती पाने उलटायची, सावकाश. पडदा मात्र पार वर गुंडाळून ठेव. मला तू सबंध दिसायला हवी आहेस.