टाकीचं आंदोलन

धायरी, मे २००२

ती. बाबांना जावई सुदर्शनचा नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि आईंचा खोकला खडकीच्या हद्दीबाहेर ऐकू येत नसेल, अशी आशा करतो.

बाबा, प्रमेय सिद्ध झालं! पीएच.डी.चं ते अडलेलं प्रमेय, आणि तेही कॉलेजात नव्हे, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये! विषय आहे डिले डिफरन्स इक्वेशन. म्हणजे शिळ्या बातमीवर आजचा निर्णय घ्यायचा आणि पुढे काय होतं ते पाहायचं. होतं ते आंदोलन. (आपण कारखान्याच्या गेटवर करायचात ते नव्हे. हे झोपाळ्याचं. वर, खाली, पुन्हा वर.)

त्याचं असं झालं, गणिताचा प्राध्यापक म्हणून सोसायटीनं पाण्याचे टँकर मागवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. धायरीत आयटीवाल्यांच्या इतक्या इमारती उठल्या आहेत, की आज फोन केला तर टँकर तीन-चार दिवसांनी उगवतो. टाकी रिकामी दिसली की मी घाबरून टँकर मागवायचो. ते येईपर्यंत टाकी रिकामीच, म्हणून आणखी मागवायचो. मग सगळे एकदम आले. जमिनीखालची टाकी उतू गेली आणि दिग्विजयच्या (वरच्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला) नव्या गाडीत पाणी शिरलं. धसका घेऊन मी फोन करणंच बंद केलं. परिणामी ललिता डोक्याला शिकेकाई लावून बसली असताना नळ नुसता फुसफुसला.

दुसरा कोणी ओशाळला असता. मी आनंदानं ओरडलो! दिग्विजयच्याच कॉम्प्युटरवर पाण्याच्या पातळीचा आलेख काढून नोटीस बोर्डावर लावला. तळमजल्यावरच्या मथुराबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"छान आहे हो सर. यात भांडी विसळू का?"

पण त्याच आलेखात मला अडलेली पायरी दिसली! बातमी इतकी शिळी असताना हात आवरला नाही, तर एकही उत्तर स्थिरावत नाही. प्रत्येक उत्तर झोके खातं. प्रत्येक, बाबा! लगेच उपायही केला. टाकीत डोकावणं बंद. दिवसाआड एक टँकर, बस्स. आता नळ धो धो वाहतो. मथुराबाईंनी आपणहोऊन वाटीभर आमरस पाठवला.

आपला,
सुदर्शन

ता. क. ललिता डोकं धुवायला म्हणून आपल्याकडे आली, ती परतलीच नाही. माझा फोनही घेत नाही. पाणी आलंय हे आपण सांगितलंत तर तिला पटेल. कृपया समजूत घालून पाठवावी. घर खायला उठतं.

पुन्हा ता. क. पाणी सुरळीत झाल्यामुळे प्रबंधाला लागणारी उरलेली आंदोलनं बंद पडली आहेत. मथुराबाई सोमवारी गावी चालल्या आहेत. त्यांची रिक्षा वळली, की मी पुन्हा टाकीत डोकावायला लागणार. एवढा भाग ललिताला वाचून दाखवू नये.