पाचवी आवृत्ती आणि श्वासयंत्राची झडप

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुमच्या दादांचा गुडघा आणि आमचा जिना यांचं अजून जमलेलं नाही, एवढंच. जाऊबाईंचा खोकला थांबला असेल.

खुशाली झाली. आता भांडते. तुम्ही एकट्याने बनवलेल्या, संगणकावर मजकूर लिहायच्या एडिटरची पाचवी आवृत्ती सहा वर्षांपूर्वी 'लवकरच' येणार होती. त्या लवकरच्या भरवशावर आमची मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. मध्ये एकदाच तुमची बातमी आली, की कर्सर आता जरा सावकाश लुकलुकतो. (त्याच्या घाईबद्दल तक्रार कुणी केली होती?) मोठी फाईल सेव्ह करताना एडिटर गोठतो, हे मात्र मी अकरा वेळा कळवलं आणि अकरा वेळा तुम्ही 'बघतो, वहिनी' म्हणालात.

गेल्या महिन्यात तो गोठला. इस्पितळाच्या नव्या श्वासयंत्राचं माहितीपुस्तक मी भाषांतरित करत होते. चार वाजता द्यायचं होतं. अकराला सेव्ह केलं आणि सगळं थिजलं. अठरा पानं पडद्यावर दिसत होती, पण डिस्कवर नव्हती. (सेव्ह केलं की गोठतो, म्हणून मी सकाळपासून सेव्हच केलं नव्हतं.) फक्त खाली जाणारा बाण चालत होता, वरचा नाही. म्हणजे प्रत्येक पान एकदाच दिसणार. मी बाण दाबायचा, दादांनी मोबाईलने फोटो काढायचा. त्यांचा हात हलू नये म्हणून मी त्यांना श्वासही जपून घ्यायला लावला. नवव्या पानाला त्यांच्या मित्राचा फोन आला आणि तो फोटो हलला. मग ते वाचत गेले, मी मुलीने बसवून दिलेल्या दुसऱ्या एडिटरमध्ये टाईप करत गेले, आणि चाराला चार मिनिटं कमी असताना पुस्तक पाठवलं.

चहाचा कप हातात घेतला आणि आठवलं, की हललेल्या फोटोवरून दादांनी 'झडप बंद करावी' असं वाचलं होतं. मूळ वाक्य होतं, 'करू नये'. दुसऱ्या दिवशी परिचारिकांना तेच शिकवलं जाणार होतं. फोन लावताना माझ्याकडून दोनदा चुकीचा नंबर लागला. मुख्य परिचारिका शांतपणे म्हणाली, "त्याच ओळीवर मी थांबलेय, बाई. असं केलं तर पेशंट जाईल." पुस्तक अजून छापलं नव्हतं. मी जमिनीवरच बसले, आणि दादाही शेजारी बसले (गुडघ्यासकट).

मग आठ दिवस मी तो दुसरा एडिटरच वापरला. जलद आहे, आपणहून सेव्ह करतो, नावं ठेवायला जागा नाही. नवव्या दिवशी तुमच्याकडे परत आले. मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी शेजारी, ओळीला ओळ लावून सरकतात, ते फक्त तुमच्यातच. मी एकदा सहज म्हटलं होतं आणि तुम्ही एका दुपारीत करून दिलंत. म्हणून तर राग जास्त येतो.

असो. रागावले तरी तुमचीच,
वहिनी

ता. क. पाकिटावर लिहायचा पत्ता विचारायला जाऊबाईंना फोन केला. तेव्हा कळलं, की डोळ्यांमुळे तुम्हाला दिवसातून एकच तास पडद्याकडे बघता येतं, आणि हे दोन वर्षं चाललंय. अकरातल्या एका तरी उत्तरात सांगायचंत की.

ता. क. २. पत्र फाडणार होते, पण सगळं खरं आहे, म्हणून पाठवते. गुरुवारी येतेय, पंधरा दिवसांसाठी. तुम्ही डोळे मिटून सांगा, मी टाईप करीन. प्रोग्रॅमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण सांगितलेलं अक्षर न अक्षर लिहिते. स्टेशनवर घ्यायला मात्र येऊ नका, तुमचा तास वाया जाईल.