खांद्यावरचा रेडिओ

मंगळवार, संध्याकाळ

गाडी घेतल्याची खरी किंमत आज कळली: दोन्ही गुडघे आणि वाढलेली साखर. डॉक्टर म्हणतात, रोज चाला, नाहीतर इन्सुलिन. घरी येऊन मी हिला ऐटीत सांगितलं, "दुरुस्तीला आलेला गिऱ्हाइकाचा रेडिओ खांद्यावर घेऊन स्वारगेटहून बुधवार पेठेतल्या दुकानात जायचो, कुठेही न टेकता." बसच्या धक्क्यांनी रेडिओतल्या तारांचे डाखलेले टाके सुटायचे ना. शिवाय चालताना आत काय सैल वाजतंय ते कानाला कळायचं. दुकान येईपर्यंत निम्मी दुरुस्ती डोक्यात झालेली असायची. तो रेडिओ कधी जड वाटल्याचं आठवत नाही.

"अहो, रेडिओ राहू द्या. नुसते आपण जाऊन या," ही म्हणाली.

निघालो. वाटेत तसाच सैल आवाज आला, गुडघ्यातून. उद्या पुन्हा निघायचंय. सुईची भीती आहेच.

आज मंडईपाशी पायरीवर बसलो आणि रिक्षाने परत आलो.